फिल्म सोसायटी चळवळ (भारत)

फिल्म सोसायटी चळवळ ही भारतातील चित्रपटरसिकांनी स्वेच्छेने उभारलेली आणि ना-नफा तत्त्वावर चालवलेली सांस्कृतिक चळवळ आहे. सभासदांच्या वर्गणीतून व्यावसायिक चित्रपटगृहांत सहसा न लागणारे चित्रपट मिळवणे, ते सभासदांना दाखवणे आणि पाहिलेल्या चित्रपटावर एकत्र बसून चर्चा करणे, ही अशा सोसायटीची मुख्य कामे होत. कलकत्ता फिल्म सोसायटीची स्थापना (१९४७) आणि फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया या शिखर संस्थेची स्थापना (१९५९) हे या चळवळीतील दोन महत्त्वाचे टप्पे मानले जातात. सत्यजित राय, श्याम बेनेगल, अदूर गोपालकृष्णन यांसारखे दिग्दर्शक या चळवळीतून पुढे आले. महाराष्ट्रात मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने (१९६८) ही चळवळ मराठी प्रेक्षकांपर्यंत नेली.

संज्ञा व संकल्पना

मराठीत 'फिल्म सोसायटी', 'फिल्म क्लब', 'चित्र मंडळ' अशी नावे या संस्थांसाठी रूढ आहेत. इंग्रजी 'सोसायटी' हा शब्द ब्रिटिश परंपरेतून, तर 'क्लब' हा शब्द फ्रेंच 'सिने-क्लब'वरून आला. चित्रपटाचा जाणतेपणाने आस्वाद घेण्याच्या शिक्षणाला मराठीत 'चित्रपट रसास्वाद' म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रातील 'रस' आणि 'सहृदय' या कल्पना मराठी वाचकाला परिचित असल्याने हा शब्द सहज रुळला.

फिल्म सोसायटी आणि चित्रपटगृह यांच्यात मूलभूत भेद आहे. चित्रपटगृहातील प्रेक्षक तिकीट काढून एका खेळापुरता एकत्र येतो आणि खेळ संपताच पांगतो. सोसायटीचा सभासद मात्र वर्षभर त्याच मंडळींसोबत चित्रपट पाहतो. त्यामुळे आज पाहिलेल्या चित्रपटाची मागील महिन्यातील चित्रपटाशी तुलना करणे, स्वतःचे मत मांडणे आणि इतरांच्या मतांवरून ते तपासून घेणे त्याला शक्य होते.

पार्श्वभूमी

चित्रपटाकडे कला म्हणून पाहणाऱ्या रसिकांचे संघटित प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सुरू झाले. ल्वी देल्युक आणि रिचोत्तो कानुदो यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी सिने-क्लबची कल्पना मांडली व रुजवली. लंडनमध्ये १९२५ साली 'द फिल्म सोसायटी' स्थापन झाली. आयव्हर माँटेग्यू तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ, एच.जी. वेल्स यांच्यासारख्या लेखकांचा तिला पाठिंबा होता. सर्गेई आइझेनस्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) या सोव्हिएत चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला ब्रिटनमध्ये मनाई होती. या संस्थेने १९२९ साली तो केवळ सभासदांसाठी दाखवला. सर्वसामान्य प्रेक्षकांना जे पाहता येत नाही ते सभासदांना खाजगी खेळात पाहता यावे, हे तत्त्व पुढे जगभरच्या फिल्म सोसायट्यांनी स्वीकारले.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील सिने-क्लबांत समीक्षक आंद्रे बाझां हे खेळापूर्वी चित्रपटाची ओळख करून देत आणि खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा करत. १९५१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'काय्ये द्यु सिनेमा' हे नियतकालिक काढले. फ्रान्स्वा त्रुफो, झाँ-ल्युक गोदार, एरिक रोमर, जाक रिव्हेत हे दिग्दर्शक सिने-क्लबचे प्रेक्षक आणि या नियतकालिकाचे समीक्षक असा प्रवास करत चित्रपटनिर्मितीकडे वळले. आधी प्रेक्षक, मग समीक्षक आणि शेवटी दिग्दर्शक हा क्रम पुढे भारतातही दिसून आला.

भारतातील आरंभ

मुंबईत स्वातंत्र्यपूर्व काळातच हौशी चित्रपटरसिकांच्या संस्था सुरू झाल्या होत्या. तथापि, चळवळीला वैचारिक दिशा दिली ती कलकत्ता फिल्म सोसायटीने. ५ ऑक्टोबर १९४७ रोजी सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता, बन्सी चंद्रगुप्त, हरिसाधन दासगुप्ता आदी तरुणांनी ही संस्था स्थापन केली. 'बॅटलशिप पोटेमकिन' हा चित्रपट तिने आरंभीच दाखवला. त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गात सिनेमाला प्रतिष्ठा नव्हती. साहित्य, संगीत किंवा नाटक यांप्रमाणे सिनेमावर गांभीर्याने बोलता येते, ही कल्पनाच अनेकांना नवी होती.

राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. १९४८ साली त्यांनी 'द स्टेट्समन' या दैनिकात भारतीय चित्रपटांच्या उणिवांची चिकित्सा करणारा लेख लिहिला. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार १९४९ साली 'द रिव्हर' या चित्रपटाच्या तयारीसाठी कलकत्त्यात आले, तेव्हा राय यांचा त्यांच्याशी संपर्क आला. १९५० साली लंडनमधील मुक्कामात राय यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) पाहिला. त्यातून त्यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) करण्याचा निश्चय पक्का झाला.

जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि नंतर मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. 'बायसिकल थीव्ज' आणि अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) हे चित्रपट अनेक भारतीय प्रेक्षकांनी या महोत्सवात प्रथमच पाहिले. स्टुडिओबाहेरचे चित्रण, अव्यावसायिक नट आणि सामान्य माणसाच्या जगण्यातील कथानक यांचे दर्शन घडल्याने रसिकांना अशा चित्रपटांची ओढ लागली. त्यानंतर अनेक शहरांत नव्या सोसायट्या निघाल्या. ब्रिटिश समीक्षक मारी सीटन यांनी १९५०च्या दशकात भारतात दिलेल्या रसास्वादविषयक व्याख्यानांमुळेही या कार्याला बळ मिळाले.

फेडरेशनची स्थापना

१३ डिसेंबर १९५९ रोजी कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रुडकी येथील सहा सोसायट्यांनी एकत्र येऊन फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही शिखर संस्था स्थापन केली. सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. आरंभीच्या पदाधिकाऱ्यांत इंदिरा गांधी आणि अम्मू स्वामिनाथन यांचा समावेश होता, तर चिटणीसपदाची जबाबदारी चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे यांनी सांभाळली.

विजया मुळे (१९२१–२०१९) यांचे या चळवळीतील स्थान महत्त्वाचे आहे. मुंबईत वाढलेल्या मुळे विवाहानंतर पाटण्यास गेल्या. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिकत असताना त्यांचा फिल्म सोसायटीशी परिचय झाला होता. परतल्यावर त्यांनी आधी पाटण्यात आणि नंतर दिल्लीत या कामात पुढाकार घेतला. 'एक अनेक और एकता' (१९७४) या लोकप्रिय अनुबोधपटाच्या दिग्दर्शिका म्हणूनही त्या ओळखल्या जातात.

परदेशी दूतावासांकडून आणि सांस्कृतिक केंद्रांकडून चित्रपट मिळवणे, एका गावातील खेळ झाल्यावर त्याची रिळे पुढच्या गावी पाठवणे आणि शासनाशी बोलणी करणे ही कामे फेडरेशनकडे आली. एकट्या सोसायटीला न परवडणारा चित्रपट अशा फिरत्या व्यवस्थेमुळे अनेक गावांना पाहता येऊ लागला.

सेन्सॉरमधून सवलत

सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ अन्वये जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याच कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र शासनाला या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार आहे. या तरतुदीचा आधार घेऊन फेडरेशनच्या सदस्य सोसायट्यांना केवळ सभासदांसाठीच्या खेळांकरिता सवलत मिळाली. काही राज्यांत करमणूक करातूनही सूट देण्यात आली.

या सवलतीचे दोन परिणाम झाले. एकीकडे कात्री न लागलेली मूळ कलाकृती रसिकांना पाहता आली. दुसरीकडे, केवळ परदेशी चित्रपटांतील धीट दृश्यांच्या आकर्षणाने सभासद होणाऱ्यांची संख्या वाढली. अशा चित्रपटाला सभागृह तुडुंब भरे आणि पुढच्या आठवड्यातील संथ, गंभीर चित्रपटाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहत, हा अनुभव अनेक ठिकाणच्या कार्यकर्त्यांना आला. तथापि, अशा सभासदांची वर्गणी संस्थेच्या खर्चाला उपयोगी पडे. त्यामुळे सभासदसंख्या महत्त्वाची की रसिकता, हा वाद चळवळीत दीर्घकाळ चालू राहिला.

कार्यपद्धती

सोसायटीचे काम बहुधा विनावेतन कार्यकर्ते पाहतात. शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार, बँक कर्मचारी, चित्रकार आणि विद्यार्थी अशा निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे त्यांत असतात. पूर्वी ३५ मिमी किंवा १६ मिमीच्या प्रती लोखंडी पेट्यांतून रेल्वेने येत. त्या वेळेवर सोडवून आणणे, प्रोजेक्टर व तो चालवणारा माणूस मिळवणे, शाळेचे किंवा ग्रंथालयाचे सभागृह ठरवणे आणि खेळ होताच प्रत परत पाठवणे, ही सारी धावपळ कार्यकर्ते करत.

खेळाआधी चित्रपटाची माहिती देणारे चक्रमुद्रित पत्रक वाटण्याची प्रथा होती. त्यात दिग्दर्शकाचा परिचय, कथासूत्र व निर्मितीची पार्श्वभूमी असे. परभाषेतील चित्रपटाला उपशीर्षके नसल्यास हे पत्रकच प्रेक्षकांचा आधार ठरे. खेळानंतर अर्धा-पाऊण तास चर्चा होई. अनेकदा ती सभागृहाबाहेर चहाच्या टपरीवर पुढे चालू राही.

चर्चेचे स्वरूप

चित्रपट आवडला किंवा आवडला नाही, एवढ्यावर न थांबता तो का आवडला आणि ते पडद्यावरील कोणत्या गोष्टीमुळे घडले हे सांगणे, हा सोसायटीतील चर्चेचा मूळ हेतू असतो. चळवळीत वारंवार दाखवल्या गेलेल्या काही चित्रपटांवरून हे स्पष्ट होते.

'बायसिकल थीव्ज'मध्ये भित्तिपत्रके चिकटवणाऱ्या अंतोनिओची सायकल चोरीला जाते. रोममध्ये दिवसभर हिंडूनही ती सापडत नाही, तेव्हा तो स्वतःच एक सायकल चोरतो आणि आपल्या लहान मुलासमोर पकडला जातो. केवळ कथानक पाहणाऱ्याला हा निराशाजनक शेवट वाटू शकतो. मात्र मूळ इटालियन शीर्षक अनेकवचनी आहे याकडे लक्ष वेधले की चर्चेला निराळे वळण मिळते. चोर एक नाही, ज्याची सायकल गेली तोही अखेर त्यांच्यातलाच एक झाला, मग दोष कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो. अंतोनिओची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे व्यावसायिक नट नसून कारखान्यातील कामगार होते, या माहितीमुळे अभिनयाविषयीच्या रूढ कल्पनाही तपासल्या जातात.

'राशोमोन'मध्ये एकाच गुन्ह्याच्या चार परस्परविरोधी हकिकती येतात आणि खरी कोणती याचा निर्वाळा दिग्दर्शक देत नाही. एकाच घटनेकडे प्रत्येक जण आपापल्या परीने पाहतो, हे या चित्रपटाचे सूत्र आहे. एकच चित्रपट निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळा दिसतो, हा चर्चेतील अनुभवही त्याच्याशी जुळणारा असल्याने रसास्वाद वर्गांत हा चित्रपट विशेष उपयोगी ठरला.

'पथेर पांचाली'त शेजारणीची माळ चोरल्याचा आळ दुर्गावर येतो आणि ती तो नाकारते. तिच्या मृत्यूनंतर घर सोडताना अपूला ती माळ सापडते. तो ती डबक्यात फेकतो, क्षणभर दूर झालेले शेवाळ पुन्हा जुळून येते आणि पाणी पूर्ववत झाकले जाते. या प्रसंगात संवाद नाही. तरीही बहिणीची चूक, भावाची माया आणि कायमचे झाकले गेलेले गुपित हे सर्व प्रतिमेतून व्यक्त होते. अशी स्थळे अनेक प्रेक्षकांच्या नजरेतून निसटतात. चर्चेत एकाने निरीक्षण सांगितले की ते सर्वांचे होते.

रसास्वादाचे शिक्षण

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद हा विषय शिकवणारे प्रा. सतीश बहादूर मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक होते आणि आग्रा येथील फिल्म सोसायटीत काम करत होते. चित्रपटातील एकेक दृश्य थांबवून त्याची रचना उलगडून दाखवण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. 'पथेर पांचाली'च्या विश्लेषणात मानसशास्त्रज्ञ श्यामला वनारसे यांनी त्यांच्यासह काम केले. संग्रहालयाचे पी.के. नायर यांनी जुन्या चित्रपटांच्या प्रती मिळवून जतन केल्या आणि त्या सोसायट्यांपर्यंत पोहोचाव्यात यासाठी प्रयत्न केले. दोन्ही संस्थांच्या संयुक्त विद्यमाने पुण्यात भरणाऱ्या उन्हाळी रसास्वाद शिबिरात देशभरातील शिक्षक, पत्रकार व सोसायट्यांचे कार्यकर्ते सहभागी होत आले आहेत.

महाराष्ट्रातील चळवळ

मुंबईतील आरंभीच्या सोसायट्यांचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीतून चाले. 'फिल्म फोरम' या संस्थेशी अरुण कौल, बासू चटर्जी आदींचा संबंध होता. १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी भाषकांना डोळ्यांपुढे ठेवले. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेले पत्रकार सुधीर नांदगावकर यांनी अनेक दशके मंडळाची आणि फेडरेशनची धुरा वाहिली. मंडळाचे 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक चित्रपटविषयक गंभीर मराठी लेखनाचे व्यासपीठ ठरले.

भाषेचा हा बदल महत्त्वाचा होता. जागतिक चित्रपटावर मराठीतून बोलायचे तर चित्रचौकट, दृश्य, संकलन, अवकाश, दृश्यभाषा अशा शब्दांचा नेमका वापर ठरवावा लागतो. हे शब्द रुळण्यात चर्चा, शिबिरे आणि नियतकालिके यांचा वाटा आहे. इंग्रजीत बोलण्याचा संकोच वाटणारा सभासदही त्यामुळे मत मांडू लागला. महाराष्ट्रात व्याख्यानमाला आणि सार्वजनिक ग्रंथालये यांची परंपरा होतीच. तालुक्याच्या गावी फिल्म सोसायटीला श्रोते, सभागृह आणि कार्यकर्ते मिळाले ते बऱ्याच अंशी या परंपरेतून.

पुण्यात आशय फिल्म क्लबने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सान्निध्याचा लाभ घेत सातत्याने कार्यक्रम केले. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी कार्यरत आहे. 'सावकारी पाश' (१९२५) या वास्तववादी मूकपटाचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे नाव तिने धारण केले आहे. मुंबईतील थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सवाच्या मागेही फिल्म सोसायटी चळवळीतील कार्यकर्ते होते.

अन्य राज्ये आणि चित्रपटनिर्मितीवरील प्रभाव

केरळमध्ये अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तिरुवनंतपुरम येथे चित्रलेखा फिल्म सोसायटी स्थापन केली. त्याच कार्यातून उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थेने अदूर यांचा पहिला कथापट 'स्वयंवरम' (१९७२) निर्माण केला. दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या 'ओडेसा' या गटाने गावोगाव चित्रपटांचे खेळ करून लोकवर्गणी जमवली आणि 'अम्मा अरियन' (१९८६) तयार केला. विद्यार्थिदशेत हैदराबाद फिल्म सोसायटी सुरू करणारे श्याम बेनेगल पुढे 'अंकुर' (१९७४) पासून समांतर चित्रपटाचे अग्रणी झाले.

कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के.व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम या संस्थेने ग्रामीण प्रेक्षकांसाठी 'पथेर पांचाली', 'राशोमोन' यांसारखे चित्रपट दाखवले आणि कन्नडमधून त्यांवर चर्चा घडवल्या. सतीश बहादूर यांनी तेथे रसास्वादाची शिबिरे घेतली. अभिजात चित्रपट केवळ शहरी, इंग्रजी शिकलेल्या प्रेक्षकांनाच कळतो, या समजाला या प्रयोगाने छेद दिला.

१९६८ साली मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी नव्या चित्रपटाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याने निघालेले 'भुवन शोम' (१९६९) आणि 'सारा आकाश' (१९६९) हे चित्रपट समांतर चित्रपटाच्या आरंभीचे मानले जातात. अशा चित्रपटांना व्यावसायिक चित्रपटगृहे मिळणे कठीण असे. त्यांच्या आरंभीच्या जाणत्या प्रेक्षकांत सोसायट्यांच्या सभासदांचा मोठा वाटा होता.

टीका

या चळवळीवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ती शहरी, सुशिक्षित मध्यमवर्गापुरती राहिली. नीनासमसारखे प्रयोग अपवादात्मक ठरले. दुसरा आक्षेप लोकप्रिय हिंदी व प्रादेशिक चित्रपटांविषयीच्या तुच्छतेचा आहे. गाणी, मेलोड्रामा आणि तमाशापट यांचा आस्वाद घेणारी समीक्षा या चळवळीत उशिरा रुजली. तिसरा आक्षेप चर्चेविषयी आहे. मोजक्या जाणकारांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असे स्वरूप अनेक ठिकाणी आल्याने नवा सभासद मत सांगण्यास बिचकत असे.

उतरती कळा आणि सद्यस्थिती

१९८०च्या दशकात दूरदर्शनचा विस्तार आणि व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाल्यावर सभासद घटू लागले. धीट दृश्यांसाठी येणारा वर्ग प्रथम गेला. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि पूर्व युरोपातील दूतावासांकडून मिळणाऱ्या चित्रपटांचा ओघ आटला. १६ मिमीच्या प्रती झिजल्या, त्यांचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे कारागीर दुर्मीळ झाले आणि अनेक सोसायट्या बंद पडल्या.

डीव्हीडी आणि डिजिटल प्रक्षेपणामुळे पुढे खर्च कमी झाला व काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि अन्य महोत्सवांमुळे जागतिक चित्रपट पाहणाऱ्यांची संख्या वाढली. पुण्यातील अरभाट लघुपट क्लबसारख्या उपक्रमांत लघुपट दाखवून दिग्दर्शकांशी प्रेक्षकांचा संवाद घडवला जातो. महाविद्यालयांतील फिल्म क्लब हेही चळवळीचे एक क्षेत्र आहे.

दुर्मीळ चित्रपट मिळवून देणे हे सोसायटीचे एके काळचे सर्वांत मोठे बलस्थान होते. आता ते चित्रपट घरबसल्या उपलब्ध होतात. एकट्याने पाहिलेल्या चित्रपटानंतर मात्र समोरासमोर मत मांडण्याची आणि ते खोडले जाण्याची सोय राहत नाही. त्यामुळे टिकून राहिलेल्या सोसायट्यांच्या कार्यक्रमांत खेळापेक्षा चर्चा, दिग्दर्शकांच्या मुलाखती आणि रसास्वाद शिबिरे यांना अधिक स्थान मिळू लागले आहे. कार्यकर्त्यांची नवी पिढी मिळणे आणि परवडणाऱ्या भाड्यात सभागृह मिळणे, या त्यांच्यापुढील प्रमुख अडचणी आहेत.